ताण

पुण्याहून तिवस्याला परत आले तेव्हा माझ्याकडे दोन बॅगा, कंपनीला परत न केलेला एक हेडफोन आणि एक फर्न होतं. फर्न मी रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये मांडीवर घेऊन बसले होते. शेजारच्या काकूंनी शेगावपर्यंत तीनदा विचारलं, ‘‘औषधी आहे का?’’ तिसऱ्यांदा मी हो म्हणून टाकलं.

घरी आईनं कुंडीकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘‘सांभार आणला काय पुण्याहून?’’ आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. बाबा ओसरीत बसले होते. त्यांनी चश्मा पुसला, एक पान उलटंपालटं करून पाहिलं.

‘‘याले फूल येते?’’

‘‘नाही.’’

‘‘फळ?’’

‘‘नाही.’’

‘‘मंग?’’

या ‘मंग’ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात होतं, पण ते बाबांना सांगण्यासारखं नव्हतं. टेरिडोफायटा: मूळ, खोड, पान असतं; फुलं, फळं येत नाहीत; उदाहरण, नेफ्रोलेपिस. हे उदाहरण मी तेव्हा दोन गुणांसाठी पाठ केलं होतं. नर्सरीत ज्याला सरसकट बोस्टन फर्न म्हणून विकतात ते हेच नेफ्रोलेपिस, हे मला पुण्यात कळलं. मराठीत फर्नला नेचा म्हणतात, पण नर्सरीत नेचा मागितला तर पोरगा तोंडाकडे बघत बसतो.

बोस्टनचं नाव त्याला कसं चिकटलं, ती गोष्ट छोटीच आहे. 1894 साली अमेरिकेत फिलाडेल्फियाहून बोस्टनकडे गेलेल्या नेफ्रोलेपिसच्या रोपांमध्ये एक रोप वेगळं निघालं. बाकीच्यांची पानं ताठ उभी, याची मात्र कमानीसारखी खाली झुकलेली. लोकांना ते झुकणं आवडलं आणि पुढं त्याच्याच पिलांवर पिलं करून जगभर विकली गेली.

पुण्यात माझं फर्न बाथरूमच्या खिडकीत होतं. मी काहीही करत नव्हते. अंघोळीची वाफ, उत्तरेचा उजेड आणि पावसाळ्याचे चार महिने यांवर ते एवढं माजलं होतं, की मी त्याचे फोटो टाकायचे आणि खाली लोक मला टिप्स विचारायचे. मी टिप्स द्यायचेही. हे झाड हवा शुद्ध करतं, नासानं सांगितलंय, असंही एकदा लिहिलं होतं. नासाचा तो अभ्यास 1989चा, बंद डब्यासारख्या छोट्या खोल्यांमध्ये केलेला. नंतरच्या संशोधकांनी हिशेब मांडला, की घराची खिडकी उघडून जेवढी हवा साफ होते तेवढी झाडांनी करायची, तर एका चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील, कदाचित हजारही. माणसाला राहायला जागा उरायची नाही. ती पोस्ट मी काढून टाकली नाही, तशीच आहे.

सांगायचं म्हणजे, झाडं वाढवण्यात मी हुशार आहे असं मला वाटायचं. ती हुशारी पुण्याच्या हवेची होती.

अमरावतीहून नागपूरला जाताना गुरुकुंज मोझरी मागं पडली, की तिवसा येतं. तालुक्यातच वर्धेच्या काठी कौंडण्यपूर आहे, रुक्मिणीचं माहेर. बाकी काळी माती, पऱ्हाटी, सोयाबीन, तूर आणि मधेमधे संत्र्याच्या बागा. आमच्या जिल्ह्यात फर्न बघायला माणसं पावसाळ्यात चिखलदऱ्याला जातात. ते साधारण अकराशे मीटर उंचीवर, धुक्यातलं गाव. तिथं दरडीदरडीला नेचे लटकलेले असतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45ला टेकतो. दुपारी एकनंतर रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही.

फेब्रुवारी बरा गेला. मार्चमध्ये पानांच्या कडा वाळायला लागल्या. मी पाणी वाढवलं. एप्रिलमध्ये हात लावला की पानांचा चुरा ओसरीभर पडायचा, आणि आई झाडू घेऊन, काही न बोलता, माझ्यासमोरून तो झाडत जायची. मी आणखी पाणी वाढवलं. कुंडी सतत ओली, झाड मात्र कोरडं. शेवटी वैतागून हवेतली आर्द्रता मोजायचं एक छोटं यंत्र ऑनलाइन मागवलं. दुपारी दोन वाजता ओसरीतला आकडा होता 14 टक्के.

तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. फर्नची पानं पातळ असतात. कोरफडीसारखा पाण्याचा साठा नाही, की रुईसारखा वर मेणाचा थर नाही. अशा हवेत ती मुळांनी ओढलेलं पाणी उडवून टाकतात, आणि जेवढं उडतं तेवढं मुळं पुरवू शकत नाहीत. कुंडीत बादली ओतली तरी उपयोग नाही. पाणी मातीत कमी नव्हतंच, हवेत कमी होतं.

वऱ्हाडात ओली हवा एकाच ठिकाणी मिळते, ती म्हणजे कूलरसमोर. मी कुंडी कूलरच्या थेट तोंडासमोर ठेवली. दोन दिवसांत पानं आणखी जळली, कारण तो वारा ओला असला तरी जोराचा होता. मग कूलरच्या बाजूला, जिथं ताट्यांचा ओलावा पोचतो पण झोत लागत नाही, अशा कोपऱ्यात सरकवली. तिथं यंत्र 55 दाखवायचं. झाड तगलं. अडचण एवढीच, की ती जागा बाबांच्या खाटेची होती. त्यांनी खाट दीड हात सरकवली. काही बोलले नाहीत.

बाबांचं न बोलणं मला तेव्हा समजत नव्हतं, असं म्हणणं खोटं ठरेल. समजत होतं. मी ते समजून घेण्याचं टाळत होते.

आमची संत्र्याची बाग होती. दीडशे झाडं, बाबांनी स्वतः लावलेली. मी दहावीत असताना पहिला बहार आला. 2019च्या उन्हाळ्यात वरूड-मोर्शीकडे बागाच्या बागा वाळल्या, त्यात आमचीही गेली. मी तेव्हा पुण्यात कॉलेजला होते. फोनवर आई सांगायची, आज टँकर आणला, आज टँकर मिळाला नाही. एका झाडाला किती पाणी लागतं, एका टँकरमध्ये किती झाडं भागतात, हे बाबा वहीत मांडायचे. आधी अर्धी बाग सोडून दिली, उरलेली वाचवायला. मग पाऊण. जूनअखेर एकही नव्हतं. पुढच्या हिवाळ्यात झाडं कापली आणि लाकूड विकलं. मी दिवाळीला आले तेव्हा झाडं उभीच होती, वाळलेली. मी शेतावर गेले नाही. अभ्यास आहे म्हणाले.

तर अशा माणसाच्या घरात मी दिवसातून दोनदा एका शोभेच्या झाडाला पाणी घालत होते.

एप्रिलच्या शेवटी एक दिवस नळ आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. घरात दोन बादल्या आणि माठ. मी सवयीनं त्यातल्या एका बादलीतून तांब्या भरला आणि कुंडीकडे निघाले. बाबा दारात होते.

‘‘दीडशे झाडं माह्या डोळ्यासमोर वाळली,’’ ते म्हणाले. आवाज चढवला नाही. ‘‘तवा एक एक तांब्या मोजून दिला मी.’’

मी तांब्या परत बादलीत ओतला. त्या दिवशी आम्ही तिघं जेवताना टीव्ही चालू ठेवला होता.

यावर मी जो उपाय शोधला त्याचा मला आठवडाभर फार अभिमान होता. आमच्याकडे आरओ आहे. एक भांडं गाळलेलं पाणी मिळतं, तेव्हा त्याहून जास्त पाणी नळीतून वाया जातं. आई ते फरशी पुसायला वापरते. मी त्यातलं अर्धं फर्नला द्यायला लागले. वाया जाणारं पाणी, त्यामुळे कुणाचं काही घेतलं नाही. मला वाटलं, प्रश्न सुटला.

दहाव्या दिवशी पानांची टोकं तपकिरी झाली. मग कडा. मातीवर पांढरी पापडी धरली. मी फोनवर बुरशीचे फोटो बघत बसले होते, तेवढ्यात बाबा वाकले, पापडी बोटावर घेतली आणि जिभेला लावली.

‘‘खारं पाजलं तू याले.’’

आरओ काय करतो, तर पाण्यातले क्षार एका बाजूला ढकलतो. पिण्याच्या बाजूचं पाणी गोडं होतं आणि टाकाऊ बाजूचं आणखी खारं. आमच्या बोअरचं पाणी मुळातच जड. ठिबकची छिद्रं दर दोन महिन्यांनी पांढरी होऊन बुजायची आणि बाबा ती आम्ल सोडून साफ करायचे, हे मी लहानपणापासून बघितलेलं होतं. मी तेच पाणी दुप्पट खारं करून, देशातल्या बहुतेक झाडांपेक्षा क्षारांना जास्त घाबरणाऱ्या झाडाला पाजत होते. तेही पुण्य समजून.

बाबांनी कुंडी उचलली, मोरीत नेली आणि माठातलं पाणी काढून तीन वेळा वरून ओतलं, खालून निथळू दिलं, परत ओतलं. माठातलं. प्यायचं. मी म्हटलं, ‘‘बाबा, राहू द्या.’’ ते म्हणाले, ‘‘चूप बस. एकदा धुतलं का होऊन जाते.’’ बागेत कधीकाळी क्षार चढले की भरपूर पाणी देऊन ते मुळांच्या खाली उतरवायचे, ही त्यांची जुनी पद्धत. मग मातीत बोट घालून म्हणाले, ‘‘आन हे माती कोनं भरली?’’ मीच भरली होती. शेतातली काळी माती, पोषक म्हणून. काळी माती ओली असली की चिकटते, सुकली की तडकते आणि फर्नची केसासारखी मुळं तोडते. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी कुंडी उपसली. लिंबाखालचा कुजलेला पालापाचोळा, थोडं कोकोपीट, विटांचे तुकडे, मूठभर शेणखत. बाबांनी मिश्रण हातात दाबलं, उघडलं, ते भुरभुरीत सुटलं तेव्हा मान हलवली.

तेव्हाच त्यांनी विचारलं, ‘‘याले ताण कवा द्यायचा?’’

हे समजावून सांगायला हवं, कारण संत्रा न पिकवणाऱ्याला ताण म्हणजे वेगळंच काही वाटतं. संत्र्याच्या झाडाला वर्षभर सुखात पाणी दिलं, तर ते नुसतं पाल्यानं वाढतं. फुलावर आणायचं असेल तर पाणी तोडावं लागतं. मृग बहार घ्यायचा तर उन्हाळ्यात, आंबिया घ्यायचा तर डिसेंबरात. महिना-दीड महिना, जमिनीप्रमाणं. पानं मलूल होतात, काही गळतात, आणि मग पाणी सोडलं की झाड फुलानं भरतं. यालाच ताण देणं म्हणतात. किती दिवस द्यायचा हे कळणं म्हणजे बागायतदार असणं. चार दिवस कमी पडले तर फूल धरत नाही, चार जास्त झाले तर झाड जातं. 2019ला बाबांनी मृगासाठी बाग ताणावर सोडली होती, आणि मग पाऊस आलाच नाही वेळेवर. हे मला त्या संध्याकाळपर्यंत माहीत नव्हतं. बाग दुष्काळानं गेली एवढंच मला माहीत होतं. पाणी आधी त्यांनीच तोडलं होतं, दरवर्षीसारखं, हिशेबानं, आणि नंतर सोडायला पाणी राहिलं नाही, हे त्यांनी पालापाचोळा कालवताना, माझ्याकडे न बघता सांगितलं.

मी म्हटलं, ‘‘याला ताण नाही द्यावा लागत. फूलच नाही ना.’’

‘‘बरं हाय याचं,’’ ते म्हणाले.

मेमध्ये आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. नागपूरला. मी तिच्यासोबत गेले आणि दोन-तीन दिवसांचे बारा दिवस झाले. बाबा रोज संध्याकाळी फोन करायचे. ताप आहे का, जेवली का, डॉक्टर काय म्हणते. झाडाबद्दल ते बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. वॉर्डाबाहेरच्या बाकावर झोपताना एकदा मनात आलं, आतापर्यंत गेलं असणार. आणि थोडं हलकंही वाटलं, हेही लिहून टाकते.

परत आलो तेव्हा कूलरजवळ कुंडी नव्हती. बाबांनी आईला खाटेवर बसवलं, पाणी आणायला आत गेले. मी मागं गेले. आमच्याकडे पाण्याची खोली म्हणजे स्वयंपाकघराला लागून एक अंधारा बोळ. तिथं घडवंचीवर दोन माठ. घडवंचीखाली कुंडी होती, भोवती ओलं पोतं गुंडाळलेलं. दोन्ही माठ पाझरत होते, थेंब पोत्यावर पडत होते. वरच्या झरोक्यातून येणारा उजेड बरोबर तिथं उतरत होता. जळलेली पानं मुळापासून कापलेली. आणि मधोमध सात कोंब. फर्नचं नवीन पान गुंडाळी करून वर येतं, गोगलगाईच्या शंखासारखं, वर बारीक लव. मी मोजले, सात. यंत्र नेऊन ठेवलं. 68.

‘‘माठ पाझरते, पानी वाया जाते,’’ बाबा मागून म्हणाले. ‘‘म्हून ठेवलं तिथं.’’

पुढं जे आहे ते मी खरं तर आधी सांगायला हवं होतं, पण मला ते कळलंच उशिरा.

झाड आणलं त्या पहिल्या आठवड्यात बाबा एकदा म्हणाले होते, ‘‘असंच काहीतरी आपल्या इहिरीत होतं.’’ मी हसले होते. बोस्टन फर्न आणि आमच्या शेतातली विहीर! ऑगस्टमध्ये, दोन आठवड्यांच्या झडीनंतर, ते मला शेतावर घेऊन गेले. विहीर आजोबांच्या वडलांच्या काळातली, दगडी बांधकामाची, आत पायऱ्या. 2019नंतर आम्ही तिच्याकडे बघणंच सोडलं होतं. बोअर होती ना. आता तिच्यात निम्म्याच्या वर पाणी होतं.

‘‘तिकडून पाह्य,’’ ते म्हणाले. ‘‘दक्षिणेकडची भिंत.’’

विहिरीची दक्षिणेकडची भिंत उत्तरेकडे तोंड करून असते, म्हणून तिच्यावर ऊन सगळ्यात कमी पडतं. मी पायऱ्यांवर बसून फोनचा टॉर्च मारला. दगडांच्या प्रत्येक सांधीतून हिरवं लोंबत होतं. काळ्या, चकचकीत, घोड्याच्या केसासारख्या देठांवर अर्धचंद्राच्या आकाराची पानं. हंसराज. पुस्तकातलं एडिअँटम ते हेच. उन्हाळ्यात वाळून नाहीसा होतो, कंद दगडात राहतो, पाऊस लागला की परत. काष्ठौषधीच्या दुकानात याच नावानं वाळलेला मिळतो, खोकल्यावर देतात. आणि त्याच्या वरच्या अंगाला, चुन्याच्या सांध्यांत, दुसरा एक नेचा, लांब, शिडीसारख्या पानांचा. तो टेरिस निघाला, तोही नववीच्या यादीतला. हाच टेरिस जमिनीतलं आर्सेनिक ओढून पानांत साठवतो, असं 2001मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या संशोधकांनी दाखवलं आणि विषारी माती साफ करायला तो लावायला सुरुवात झाली. आमच्या विहिरीत तो बहुधा नुसता चुना खात बसला होता.

म्हणजे ज्या यादीची उदाहरणं मी परदेशी नावं म्हणून पाठ करत होते, त्यातली दोन आमच्या शेतात, मी पोहायला शिकले त्या विहिरीत होती.

‘‘आमी लहान होतो तवा,’’ बाबा म्हणाले, ‘‘हे कुठवर हिरवं हाय ते पाहून बुढा सांगे, औंदा पानी कुठवर पुरते.’’ बुढा म्हणजे त्यांचे वडील. नेच्यांची रेघ खाली उतरत गेली की पाणी उतरतं आहे. एक वर्ष ती दिसलीच नाही. कोणतं, ते त्यांनी सांगितलं नाही.

सप्टेंबरअखेर मी परत उतरले आणि हंसराजाची चार पानं आणली. पानाच्या कडा मागं दुमडलेल्या असतात, त्या दुमडीत बीजाणू. पहिल्यांदा ते तपकिरी ठिपके बघून बाबा म्हणाले, खवले कीड आहे, निंबोळी अर्क मारू. संत्र्यावरची कोळशी ज्यानं पाहिली आहे त्याला पानामागं काहीही दिसलं की फवारणीच सुचते. मी थांबवलं. पानं कागदात घडी करून ठेवली. दोन दिवसांनी कागदावर कॉफीच्या भुकटीसारखी धूळ.

बीजाणू पेरायची पद्धत जुनी आहे आणि फुकट आहे. एक भाजकी वीट घ्यायची, उकळत्या पाण्यातून काढायची म्हणजे तिच्यावरची बुरशी मरते. ताटात पाणी, पाण्यात वीट, विटेवर धूळ भुरभुरायची आणि वरून पारदर्शक झाकण. पाणी पावसाचं धरून ठेवलेलं, खारं नको. मी पाण्याचा पाच लिटरचा कॅन कापून झाकण केलं.

या झाकणाचाही एक इतिहास आहे आणि तो फर्नमुळेच घडला. लंडनच्या पूर्व भागात नॅथॅनिएल वॉर्ड नावाचे डॉक्टर राहायचे. त्यांना घरी नेचे वाढवायचे होते, पण शहरातल्या कोळशाच्या धुरात एकही जगेना. 1829मध्ये त्यांनी एका पतंगाचा कोष ओल्या मातीत घालून बाटलीत बंद केला, पतंग कसा निघतो ते बघायला. काही दिवसांनी बाटलीत आपोआप एक नेचा उगवला, सोबत गवताचं एक पातं. आतलं पाणी काचेवर जमायचं, परत मातीत उतरायचं. वॉर्डनी काचेच्या पेट्या बनवल्या. 1833मध्ये दोन पेट्या भरून रोपं सिडनीला पाठवली आणि महिनोन्महिन्यांच्या समुद्रप्रवासानंतर ती जिवंत पोचली. त्यापूर्वी खारा वारा आणि उन्हानं जहाजावरची बहुतेक रोपं मरायची. पुढं असल्याच पेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्युननं चीनमधून चहाची रोपं हिमालयाच्या पायथ्याशी आणली. इंग्लंडात तर नेच्यांचं एवढं वेड लागलं, की 1855मध्ये चार्ल्स किंग्जली या लेखकानं त्या रोगाला नाव दिलं, टेरिडोमेनिया. माझ्या इन्स्टाग्रामवरच्या जुन्या पोस्ट बघितल्या की तो शब्द आठवतो.

आमच्या विटेवर तीन आठवडे काही झालं नाही. मग हिरवी झाक. डिसेंबरात नखाएवढी, हृदयाच्या आकाराची पातळ पानं. हा अजून नेचा नाही, त्याच्या आधीची पिढी. नर आणि मादी पेशी याच पानाखाली तयार होतात आणि नर पेशी अक्षरशः पोहत मादीपर्यंत जाते. म्हणून पाण्याचा पातळ थर लागतोच. नसला तर पुढं काही होत नाही, नुसती हृदयं राहतात आणि वाळतात. मी बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी विटेकडे बराच वेळ पाहिलं.

‘‘म्हंजे याले फूल नाई, पन पानी तर पाह्यजेच.’’

‘‘आपल्यापेक्षा जास्त.’’

फेब्रुवारीत पहिलं खरं पान आलं, मुगाएवढं, काळ्या देठावर. आता मे आहे. वीट घडवंचीखाली आहे, शेजारी जुनी कुंडी. तिच्यातून मी दोन पिलं वेगळी केली, त्यातलं एक आईनं तिच्या डॉक्टरांना दिलं. विटेवर अकरा रोपं आहेत. दोन कुजली, माझ्या चुकीमुळे, झाकण आठवडाभर उघडलंच नव्हतं. विहिरीत आत्ता भिंत उघडी, काळी आहे. पाणी तळाला आहे, पण आहे. मार्चमध्ये बाबा शेंदुरजना घाटला जाऊन संत्र्याच्या कलमांचे भाव विचारून आले. वीसच लावतो म्हणाले, पावसाळ्यात, विहिरीजवळ. आईनं विचारलं, पुन्हा? ते म्हणाले, वीस तांबे त हातानं देता येतात.

मला पुण्यात नोकरी लागली आहे. एक जूनला जायचं आहे. फर्न नेत नाही. परवा मी बाबांना विटेचं सगळं समजावत होते: झाकण कधी उघडायचं, ताटातलं पाणी किती ठेवायचं, रोपं दोन बोटं झाली की कशी उचलायची. ते ऐकत होते की नाही कळलं नाही. आज सकाळी दूधवाल्याचा हिशेब बघायला कालनिर्णयचं पान उलटलं, तर जूनच्या रकान्यांत, एक दिवसाआड, दुधाच्या आकड्याशेजारी पेन्सिलनं बारीक लिहिलं होतं, ‘वीट’. सात जूनला, मृगाच्या आसपास, एक फुली, आणि तिच्यापुढं, ‘झाकन काढने?’